विश्लेषण : चिलखत एक, दावेदार अनेक… ‘एटोसॉर’ नेमके कुणाला म्हणायचे?

अमेरिकेतील टेक्सासमध्ये सापडलेले एक चिलखत अनेक वर्षे संग्रहालयात पडून होते. २०२४ मध्ये त्या प्राण्याचे बारसे झाले आणि ‘गार्झापेल्टा म्युलेरी’ हे नाव मिळाले. सुमारे २१.५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या पाठीवरच्या कवचाचा जवळपास ७० टक्के भाग शाबूत होता. या गटातील बहुतेक प्राण्यांच्या वाट्याला चार-दोन सुटे तुकडेच येतात. त्या मानाने हे घबाडच. पण एवढे सगळे हाती असूनही हा प्राणी कोणत्या घराण्यातला, हे ठरवताना संशोधकांना घाम फुटला. पाठीच्या मधल्या पट्ट्या एका घराण्याकडे बोट दाखवत होत्या आणि बाजूच्या पट्ट्या दुसऱ्याच. हा पेच एका प्राण्यापुरता नाही. ‘एटोसॉर’ नावाच्या सगळ्या गटाची व्याख्या आणि वर्गवारी गेली १८० वर्षे अशाच पेचांतून जात आली आहे.

एटोसॉर म्हणजे काय?

डायनासोर पृथ्वीवर नुकते कुठे पाय रोवत होते तो काळ म्हणजे ट्रायसिक. या काळाच्या उत्तरार्धात, साधारण २३.५ ते २०.१ कोटी वर्षांपूर्वी, चार पायांवर चालणारे, अंगभर हाडांच्या पट्ट्या ल्यालेले हे सरपटणारे प्राणी जवळपास जगभर पसरले होते. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडले तर सर्व खंडांवर त्यांचे अवशेष मिळाले आहेत. काही जेमतेम मीटरभर लांब, तर ‘डेस्मॅटोसुकस’सारखे काही साडेचार मीटरच्या पुढे. डोके अंगाच्या मानाने लहान आणि कित्येकांचे नाक फावड्यासारखे पुढे आलेले, बहुधा माती उकरण्यासाठी. दात लहान, पानाच्या आकाराचे. बहुतेक जण झाडपाला, मुळे आणि जमले तर किडेही खात असावेत, असा अंदाज आहे.

दिसायला कुणाला हे चिलखती डायनासोर वाटतील, पण ते डायनासोर नव्हेत. त्यांचे नाते मगरींशी आहे. पुरातन सरीसृपांची एक फांदी डायनासोर आणि पक्ष्यांकडे गेली, दुसरी मगरींकडे. एटोसॉर या दुसऱ्या फांदीवरचे. या फांदीचे शास्त्रीय नाव ‘स्यूडोसुकिया’, म्हणजे ‘खोट्या मगरी’. गंमत अशी की आजच्या व्याख्येनुसार खऱ्या मगरीही याच ‘खोट्या मगरीं’मध्ये मोडतात. शास्त्रीय नावाचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो, ही खूणगाठ इथेच बांधलेली बरी. पुढे ती वारंवार कामी येणार आहे.

चिलखताची रचना कशी असते?

सगळा वाद या चिलखताभोवती फिरतो, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवे. खवल्या मांजराचे खवले आपल्या नखांच्या जातीचे, केराटिनचे असतात. एटोसॉरचे तसे नाही. त्यांच्या कातडीतच हाड तयार होत असे. या हाडाच्या पट्टीला ‘ऑस्टिओडर्म’ म्हणतात. मगरीच्या पाठीवरच्या उंचवट्यांखालीही अशीच हाडे असतात.

एटोसॉरच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत अशा पट्ट्यांच्या चार रांगा असत. कण्याच्या दोन्ही बाजूंना लागून एक-एक आणि त्यांच्या बाहेर कुशीवर एक-एक. छपरावर कौले बसवावीत तशा त्या एकीवर एक चढलेल्या असत. पुष्कळ जातींत पोटाखालीही पट्ट्या असत. प्रत्येक पट्टीच्या वरच्या बाजूला खळगे, रेघा, उंचवटे यांची नक्षी. कुठे ती मधल्या बिंदूपासून किरणांसारखी पसरते, तर कुठे नुसतेच गोल खळगे दिसतात. पट्टीची पुढची कड काहींत उंचावलेली, काहींत खोलगट. ‘टायपोथोरॅक्स’च्या मधल्या पट्ट्या लांबीच्या तिप्पट-चौपट रुंद, त्यामुळे वरून पाहिले तर प्राणी पसरट ताटासारखा दिसायचा. ‘डेस्मॅटोसुकस’च्या खांद्यांवर मात्र शिंगांसारखे लांब, वाकडे काटे.

हाडांच्या या पट्ट्या टणक, त्यामुळे कोट्यवधी वर्षे टिकतात. कवटी चिरडली जाते, पायांची हाडे वाहून जातात, पट्ट्या मात्र मागे उरतात. साहजिकच संशोधकांनी ओळख पटवण्यासाठी सर्वाधिक भर दिला तो त्यांच्यावरच. सोय झाली, पण तिची किंमतही मोजावी लागली. एकाच प्राण्याच्या मानेवरची, पाठीवरची आणि शेपटीवरची पट्टी एकमेकींपासून बरीच वेगळी असते. लहान आणि मोठ्या वयाच्या प्राण्यातही फरक पडतो. सुटी पट्टी हाती आली तर ती नव्या जातीची की ओळखीच्याच प्राण्याच्या शेपटीची, हे सांगणे अवघड. तरीही अशा तुटपुंज्या आधारावर जाती जाहीर करण्याचा मोह अनेकांना आवरला नाही. नंतरच्या पिढ्या तो गुंता सोडवत बसल्या आहेत.

पहिला एटोसॉर ‘मासा’ कसा ठरला?

गोंधळाची सुरुवात पहिल्याच नावापासून झाली. स्कॉटलंडमधील एल्गिन परिसरातल्या वालुकाश्मात खवल्यांसारखे ठसे मिळाले. माशांच्या जीवाश्मांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार लुई अगासिझ यांनी १८४४ मध्ये त्याला ‘स्टॅगोनोलेपिस रॉबर्टसोनी’ असे नाव दिले आणि तो मासा ठरवला. त्यात त्यांची अगदीच चूक म्हणता येणार नाही. तो खडक ३५ कोटी वर्षांहून जुना, माशांच्या युगातला मानला जात होता आणि समोर होते ते फक्त खवले.

१८५९ मध्ये थॉमस हक्सली यांनी दाखवून दिले की हा मासा नसून सरपटणारा प्राणी आहे, मगरींशी साम्य असणारा. त्याबरोबर दुसराच प्रश्न उभा राहिला. माशांच्या युगातल्या खडकात एवढा प्रगत सरीसृप आला कुठून? अखेर खडकाचे वयच बदलावे लागले. तो ट्रायसिक काळातला निघाला. एका प्राण्याची ओळख बदलली आणि तिच्यासोबत आख्ख्या दगडाचा जन्मदाखला बदलला. वर्गीकरणाला ‘नावांचा खेळ’ समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर लक्षात ठेवावे.

एल्गिनच्या दगडात बहुतेक ठिकाणी हाड उरलेलेच नाही, फक्त हाडाच्या आकाराची पोकळी आहे. ॲलिक वॉकर यांनी या पोकळ्यांत पीव्हीसी ओतून साचे काढले आणि त्यावरून १९६१ मध्ये स्टॅगोनोलेपिसचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हाड नसलेल्या प्राण्याचा सांगाडा असा उभा राहिला. पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया हाच.

‘गरुड सरडा’ हे नाव कुठून आले?

जर्मनीत स्टुटगार्टजवळ एकाच शिळेत वीसहून अधिक छोटे चिलखती प्राणी एकमेकांवर पडलेले सापडले. १८७७ मध्ये ऑस्कर फ्रास यांनी त्यांना ‘एटोसॉरस फेराटस’ म्हटले. कवटीचा आकार पक्ष्याच्या डोक्यासारखा वाटला म्हणून ‘गरुड सरडा’ आणि अंगावर चिलखत म्हणून ‘लोहकवचधारी’. पक्ष्यांशी याचा सुतराम संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटले. १८८४ मध्ये अमेरिकेच्या ओथनिएल मार्श यांनी त्यावरूनच संपूर्ण गटाला ‘एटोसॉरिया’ असे नाव दिले.

या शिळेची कथा इथे संपत नाही. इतके सगळे प्राणी लहान चणीचे, त्यामुळे ही जातच लहान असावी, असा समज होता. पण दंडाच्या हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर २०२२ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष काढला की ही सगळी न वाढलेली पिल्ले आहेत आणि कदाचित कळपाने राहत असावीत. म्हणजे ज्या प्राण्याच्या नावावर सगळा गट उभा आहे, त्याच्या या प्रसिद्ध शिळेत एकही पूर्ण वाढलेला प्राणी नाही. पिल्लावरून घराण्याची लक्षणे ठरवण्यात काय धोका असतो, ते वेगळे सांगायला नको.

व्याख्या करण्यात अडचण कोणती?

‘अंगावर चिलखत असलेला ट्रायसिक सरीसृप म्हणजे एटोसॉर’, एवढी व्याख्या पुरत नाही का? नाही. त्या काळात चिलखत अनेकांकडे होते. म्हणून आजचे जीवशास्त्र गटाची व्याख्या अवयवांवरून न करता नात्यावरून करते. याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि ते आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या हिशेबासारखेच आहेत.

पहिला मार्ग असा की दोन ठरावीक प्राणी घ्यायचे, त्यांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज धरायचा आणि त्याची सगळी संतती म्हणजे गट. ‘या दोन चुलत भावांच्या आजोबांपासून खालचे सगळे’ असे म्हणण्यासारखे. दुसरा मार्ग असा की एक प्राणी आत धरायचा, काही प्राणी बाहेर धरायचे आणि बाहेरच्यांपेक्षा आतल्याला जवळचे असतील ते सगळे गटात घ्यायचे. म्हणजे ‘शेजारच्या घराण्यापासून वाटणी झाली तिथपासून पुढचे सगळे आपले’.

कागदावर दोन्ही स्वच्छ वाटतात. प्रश्न उभा राहतो तो कुणी नवा वारसदार दारात आल्यावर. ‘एटोसॉरॉइडिस’ हे त्याचे उत्तम उदाहरण. अर्जेंटिनातील या प्राण्याचे नामकरण १९६० मध्ये झाले. ‘स्टॅगोनोलेपिडिडी’ हे कुटुंबनाम रिचर्ड लायडेकर यांनी १८८७ मध्ये सुचवले होते आणि एटोसॉरिया म्हणजेच हे कुटुंब, अशी कित्येक वर्षे समजूत होती. मात्र २०१२ मध्ये हुलिया देसोहो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या विश्लेषणात एटोसॉरॉइडिस या कुटुंबाच्या बाहेर, खोडाच्या जवळ गेला. तो एटोसॉर आहे, पण स्टॅगोनोलेपिडिडी नाही! एकाच अर्थाने वापरली जाणारी दोन नावे त्या दिवसापासून वेगळी झाली.

दुसरे उदाहरण याहून रंगतदार आहे. न्यू मेक्सिकोत सापडलेल्या केवळ दातांवरून १९८९ मध्ये ‘रेव्हुएल्टोसॉरस’ हा शाकाहारी डायनासोर म्हणून जाहीर झाला. ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात त्याचे सांगाडे मिळाले आणि २००५ मध्ये कळले की हा डायनासोर नाहीच. मगरींच्या फांदीवरचा हा प्राणी पुढे एटोसॉरचा अगदी सख्खा नातलग ठरला. त्याच्याही अंगावर पट्ट्या आहेत. आता ‘मगरींपेक्षा एटोसॉरसला जवळचे ते सगळे एटोसॉर’ अशी दुसऱ्या मार्गाची व्याख्या धरली तर रेव्हुएल्टोसॉरस आपोआप आत येतो. तो आत नको असेल तर त्याचे नाव घेऊन त्याला बाहेर ठेवावे लागते. अखेर दोघांना सामावणारे ‘एटोसॉरिफॉर्मिस’ हे मोठे नाव योजून मार्ग काढण्यात आला. ‘अकेनासुकस’ नावाचा छोटा, काटेरी प्राणीही कधीकाळी एटोसॉर, कुणाच्या मते तर डेस्मॅटोसुकसचे पिल्लू मानला जात असे. २०२० मधील अभ्यासाने त्यालाही गटाच्या उंबरठ्याबाहेर, पण अगदी दाराशी आणून बसवले. चिलखत आधी की एटोसॉर आधी, या प्रश्नाचे उत्तर या दाराशी बसलेल्यांकडूनच मिळण्याची शक्यता अधिक आहे.

वर्गीकरण चुकले तर बिघडते काय?

दगडांची वये बिघडतात. ट्रायसिक काळातल्या जमिनीवरच्या खडकांची कालगणना करताना काही संशोधकांनी एटोसॉरचा कालदर्शक म्हणून वापर केला. अमुक जात सापडली, म्हणजे खडक अमुक काळातला, असे ते सूत्र. पट्ट्या मुबलक मिळतात, म्हणून ते सोयीचेही होते. याच सूत्राच्या बाजूने काहींनी असा युक्तिवाद केला की अर्जेंटिनाचा एटोसॉरॉइडिस म्हणजे स्कॉटलंडचा स्टॅगोनोलेपिसच. तसे असेल तर दोन्हीकडचे खडक एकाच वयाचे. २०११ मध्ये देसोहो आणि मार्टिन एझकुरा यांनी दोन्ही प्राणी स्वतंत्र असल्याचे सविस्तर मांडले आणि या प्राण्याच्या आधारे बांधलेला पूल कोसळला.

यात तर्काचा एक सापळाही आहे. जातीची ओळख सैल ठेवली की ती जगभर ‘सापडते’, आणि जगभर सापडली की कालदर्शक म्हणून तिचे महत्त्व वाढते. ज्वालामुखीच्या राखेतील झिरकॉन स्फटिकांवरून काढलेली वये हा याला स्वतंत्र पडताळा आहे. जिथे राख मिळते तिथे तरी प्राण्यावरून दगड आणि दगडावरून प्राणी असा गोल फेरा मारण्याची गरज उरत नाही.

एका प्राण्याची दोन नावे आणि गाजलेला वाद

न्यू मेक्सिकोतील चामा खोऱ्यातल्या एका काटेरी एटोसॉरला २००३ मध्ये ‘डेस्मॅटोसुकस चामाएन्सिस’ असे नाव मिळाले. विल्यम पार्कर या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधात हा प्राणी डेस्मॅटोसुकस नसल्याचे मांडले आणि त्याच्यासाठी ‘हेलिओकँथस’ हे नवे नाव असलेला शोधनिबंध नियतकालिकाकडे दिला. तो २००७ मध्ये छापून आला. मात्र २००६ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोतील संग्रहालयाच्या संशोधकांनी आपल्या संग्रहालयाच्याच पत्रिकेत त्याच प्राण्याला ‘रिओअरिबासुकस’ म्हणून जाहीर केले होते. प्राणिनामांचा आंतरराष्ट्रीय नियम सरळ आहे, जे नाव आधी छापले गेले ते ग्राह्य. त्यामुळे रिओअरिबासुकस टिकले.

त्यानंतर श्रेय हिरावल्याचे आरोप झाले, संग्रहालयाच्या संशोधकांनी ते फेटाळले आणि प्रकरण पृष्ठवंशी जीवाश्म अभ्यासकांच्या संघटनेच्या नीती समितीपर्यंत गेले. परस्परविरोधी दाव्यांतून ठाम निष्कर्ष काढता येत नसल्याचे समितीने २००८ मध्ये सांगितले आणि पुढे काय काळजी घ्यावी, याच्या सूचना दिल्या. नामकरणाचा नियम तारीख बघतो, अभ्यास आधी कुणी केला हे बघत नाही, एवढे मात्र या निमित्ताने सर्वांना कळले. विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड असतात, पण त्यातील नावांना छापील निबंधाचा दर्जा नसतो. ही फट आजही आहे.

आणखी एक बाब. हा नियम कुटुंबाच्या पातळीपर्यंतच लागू होतो. ‘एटोसॉरिया’सारख्या मोठ्या गटाच्या नावाला तो बांधत नाही. त्यामुळे ही नावे प्रत्येकाने आपापल्या व्याख्येने वापरली. नात्यावर आधारित ‘फायलोकोड’ ही वेगळी नियमावली २०२० मध्ये लागू झाली ती याचसाठी.

मग आज घराणी किती?

सर्वसाधारणपणे तीन नावे ऐकू येतात. एटोसॉरससारखे साधे, बिनकाट्यांचे. टायपोथोरॅक्ससारखे रुंद, पसरट. आणि डेस्मॅटोसुकससारखे खांद्यांवर काटे मिरवणारे. पण या सीमारेषा पक्क्या नाहीत. पार्कर यांनीच २०१६ मध्ये नव्याने मोठे विश्लेषण केले. कवटी, बाकीचा सांगाडा आणि चिलखत असे लक्षणांचे वेगवेगळे संच काय सांगतात, हे त्यात तपासले गेले. सर्व संचांतून एकच वंशवृक्ष निघत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. आजवरच्या वंशवृक्षांना आकार दिला तो प्रामुख्याने चिलखताने.

गार्झापेल्टा नेमका याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. त्याच्या मधल्या पट्ट्या टायपोथोरॅक्सच्या घराण्यातील रिओअरिबासुकसशी जुळतात, तर कुशीवरचे काटे डेस्मॅटोसुकसच्या घराण्यासारखे. संशोधकांनी तो पहिल्या घराण्यातला मानला. मग काट्यांचे काय? ते दोन घराण्यांत स्वतंत्रपणे उगवले असावेत. वटवाघूळ आणि पक्षी दोघांना पंख आहेत म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसेच हे. पण काटे दोनदा उगवू शकत असतील, तर केवळ काट्यांवरून एका घराण्यात घातलेल्या बाकीच्या जातींचे काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. सुट्या पट्टीवरून नवी जात जाहीर करण्याची घाई थांबवून संग्रहालयांतील जुने, अधिक पूर्ण नमुने पुन्हा तपासणे, हाच त्यावरचा शहाणपणाचा मार्ग दिसतो. गार्झापेल्टाही असाच संग्रहालयाच्या कपाटातून बाहेर आला.

भारतात एटोसॉर होते का?

होते. ट्रायसिक काळात भारत दक्षिणेकडील महाखंडाला जोडलेला होता. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात, म्हणजे आजच्या तेलंगणात गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या पट्ट्यात, त्या काळातले मालेरी आणि धर्माराम हे खडकांचे थर आहेत. मालेरीच्या जीवाश्मांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने इथल्या एका मगरसदृश प्राण्याला ‘पॅरासुकस हिस्लोपी’ म्हणतात. ते नाव देणारे लायडेकर म्हणजे एटोसॉरचे कुटुंबनाम सुचवणारे तेच लायडेकर. त्यांनी काही वर्षे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी केली होती. एल्गिनच्या दगडात स्टॅगोनोलेपिसच्या सोबतीला असलेला ‘हायपरोडॅपेडॉन’ हा चोचीचा सरीसृप मालेरीतही मिळतो.

एटोसॉरचे तुकडे या खोऱ्यातून आधीही मिळाले होते. पण स्वतंत्र नाव देता येईल असा नमुना धर्मारामच्या थरातून पुढे आला. खरगपूर आयआयटीच्या संघमित्रा रे आणि कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शाश्वती बंद्योपाध्याय यांचा सहभाग असलेल्या गटाने २०२३ मध्ये त्याला ‘व्यंकटसुकस आर्मेटम’ असे नाव दिले. त्याची ओळख पटली तीही पाठीवरच्या पट्ट्यांवरूनच आणि त्या पट्ट्यांनी त्याला टायपोथोरॅक्सच्या रुंद घराण्यात बसवले आहे. त्याच घराण्यात, जिथे पुढच्याच वर्षी टेक्सासचा काटेरी गार्झापेल्टा येऊन दाखल झाला.